खारीच्या पावलानं

१८ नोव्हें., मंगळ.
खारी आजही फाटकाबाहेर पंचवीस-तीस पावलं आली आणि रस्त्याच्या मधोमध बसली. पट्टा ओढला. बसल्या बसल्या घासत आली, पण उठली नाही. मागून पेंढ्यांनी भरलेला ट्रॅक्टर. शेवटी उचलून काखेत घेतली. साडेपाच किलोचं कुत्रं, पण अख्ख्या उत्रोलीनं बघितलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "नाना, रिटायर झालासा तरी वझं उचलायची सवय जाईना व्हय?"
बत्तीस वर्षं वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर पायी टपाल वाटलं. कुत्र्यांशी कधी जमलं नाही. डाव्या पोटरीवर दातांची खूण अजून आहे. आता म्हातारपणी हे.

२० नोव्हें.
महेशरावांचा फोन. खारी जेवते का, झोपते कुठं. म्हटलं, जेवते, ओसरीवर गोणपाटावर झोपते. "फिरायला नेता ना, नाना? अंजू रोज न्यायची." नेतो म्हटलं.
जावई माणूस चांगला. अंजू जुलैत गेली. त्यानंतर तीन महिने त्यांनी एकट्यानं कंपनी आणि कुत्रं दोन्ही रेटलं. बारा-बारा तास फ्लॅट बंद, खारी आत रडायची, शेजारचे बोलायला लागले. म्हणून दिवाळी झाल्यावर इथं आणून सोडली. सोडल्यावर गाडीत जाऊन बसले, पण गाडी बराच वेळ सुरू केली नाही. मी फाटकात उभा. 
सौ. खारीला ताकभात देते, भाकरी कुस्करून देते. हात मात्र लावत नाही. ताटली पायानं सरकवते.

२३ नोव्हें., रवि.
काल खारीवर ओरडलो. उगीच. आज लाज वाटत होती म्हणून पट्टा न ओढता चाललो. बसली की मीही उभा.
भातं निघाली तशी मेंढरं आलीत. हिराबाई धनगरीण दरवर्षी आमच्या रानात मेंढरांचा वाडा बसवते. तिची दोन दांडगी कुत्री खारीच्या अंगावर धावून आली. मी उचलायला वाकलो तर हिराबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या नाना, त्यांचं त्येंनी बगू द्या." तिघं एकमेकांना हुंगत राहिली. खारी हलली नाही. "बारकं हाय, पर भितं न्हाई," हिराबाई म्हणाली. मग मला विचारलं, "रोज ह्याच वाटंनं आणता व्हय?"
व्हय म्हटलं.
"मग त्येला चव कशी यायची? मेंढराला बी नवं रान लागतं. आन् वढत जाऊ नगा. तुमाला डोळ्यानं दिसतं, त्येला नाकानं. बगू द्या की."
वर एक सांगितलं. बिबट्या हिंडतोय, परवा वरल्या वस्तीवरनं शेळी उचलली. बारकं कुत्रं उजाडल्याबिगर बाहेर काढू नका, दिवस कलला की आत घ्या.

२८ नोव्हें.
वाट बदलून बघतोय. सोम.-गुरु. ओढ्याकडं, मंगळ.-शुक्र. कालव्याच्या कडेनं, बाकी दिवशी ती नेईल तिकडं. आज बांधावरच्या एका दगडाला सात मिनिटं हुंगत होती. घड्याळ लावून बघितलं. मी नुसता उभा होतो. सात मिनिटं एका जागी, बिनकामाचा. आयुष्यात असं कधी...
नोकरीत सगळे म्हणायचे, नाना आला का वारा गेला. पिशवी खांद्याला अडकवली की पाय थांबायचे नाहीत. लोक चहाला बोलवायचे, मी दुसऱ्या दाराला पोचलेलो असायचो.

३ डिसें.
भाकरीचे तुकडे खिशात नेले. खळ्यावरच्या पेंढ्यात चार ठिकाणी लपवले. खारीनं चारही शोधले. शेवटचा शोधताना अख्खं कुत्रं पेंढ्यात आत, नुसतं शेपूट बाहेर. मला हसू आलं. घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती पाटावर तांदूळ निवडत होती. "अन्न कशाला मातीत टाकता," एवढंच म्हणाली. पण ऐकत होती.

५ डिसें.
एक गोष्ट लक्षात आली. खारी हट्टानं बसत नाही. मोजलं. चाळीस-पंचेचाळीस पावलं चालते, थांबते, मागं वळून माझ्या तोंडाकडं बघते आणि बसते. थोड्या वेळानं आपली आपण उठते. परत चाळीस. ओढ्यावरच्या मोरीपाशी तर कठड्याजवळ जाऊन उभी राहते. मी कठड्यावर बसल्याशिवाय स्वतः बसत नाही. मी बसलो की माझ्या पायावर हनुवटी.
लंगडत नाही. दम लागलेला नाही. मग कशासाठी थांबते?
महेशरावांना विचारायला पाहिजे.

६ डिसें., शनि.
विचारलं.  
म्हणाले, "नाना, अंजूला दम लागायचा. लिफ्टपासून सोसायटीच्या बाकापर्यंत जायला तीन वेळा थांबायची. खारी तिच्यासोबत थांबायची. तिला तेच चालणं माहितीय."
कधीपासून, मी विचारलं.
"मागच्या वर्षीच्या दसऱ्याच्या आधीपासून."
म्हटलं, आम्हाला तर तिच्या आजाराचं उन्हाळ्यात कळलं. एप्रिलमध्ये.
"तुम्हाला... म्हणजे आईंना तर..."  नंतर इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला.
अंजू फोनवर म्हणायची, रोज चालते नाना. मी विचारायचो, किती? एक चक्कर, म्हणायची. मी म्हणायचो, एकानं काय होतंय, दोन मार. दर वेळी म्हणायचो.

७ डिसें.
सौ.ला विचारलं. सरळच विचारलं, तुला कधीपासून माहिती होतं?
चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "मागल्या दसऱ्याला. रिपोर्ट आला त्या दिशी फोन केलता तिनं. शपथ घातली मला."
"मला सांगायचं न्हाई अशी?"
"व्हय. म्हनली, नानांना कळलं तर ते रोज येऊन माज्या तोंडाकडं बगत बसतील. तुमचं तोंड तिला बगवलं नसतं. म्या काय करायचं हुतं?"
मी म्हणालो, बाप होतो मी तिचा. यापुढं काय बोललो ते लिहीत नाही.
सहा महिने. सहा महिने ही एकटी गिळून बसली आणि मी बाजार, शेत, पारावरच्या गप्पा.
लोकांच्या घरी वाईट बातमी आली तर मी रस्त्यात कुठं थांबलो नाही. ओढ्याला पूर असला तरी पोचवली. माझी घरातच ठेवून घेतली.

९ डिसें.
बोलणं बंद. ताट वाढते, मी जेवतो. खारी दोघांच्या मधे बसते, एकदा हिकडं बघते एकदा तिकडं.
दिवसातून तीनदा फिरायला काढतो. तिच्यासाठी नाही. घरात बसवत नाही म्हणून.
मोरीवर बसलो असताना मागच्या वर्षीची दिवाळी आठवली. अंजू चार दिवस आली होती. सकाळी म्हटलं चल, भात कसं आलंय दाखवतो. निघालो. मोरीपाशी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, नाना. मी येते." मी पुढं गेलो. शेतात पोचून वाट बघितली. आली नाही. परत आलो तर ओसरीवर बसलेली. मला राग आला. म्हटलं, शहरात राहून पायच गेले तुझे. हसली ती. "गेले खरं," म्हणाली.
रिपोर्ट येऊन तेव्हा वीसेक दिवस झाले होते.
मी पुढं गेलो.

१४ डिसें., रवि.
स्कूटरवर खारीला पुढं पिशवीत बसवून मार्गासनीला गेलो. काम काहीच नव्हतं. चेलाडीपासून पुढं माझी जुनी टपालाची लाईन. थंडीनं हात बधिर. खारीचं नाक पिशवीबाहेर, सगळी वाट हुंगत.
गाडी लावून पायी निघालो. पूर्वी ज्या पायवाटेला मला वीस मिनिटं लागायची तिथं आज दीड तास. प्रत्येक झुडपापाशी थांबा. करवंदीच्या जाळीत सशाची लेंडी सापडली तिला, केवढा आनंद. ह्या वाटेवर इतक्या जाळ्या आहेत हे मला बत्तीस वर्षांत दिसलं नव्हतं.
गोदाकाकू अजून आहेत. नव्वदीच्या पुढं. मुलगा लष्करात होता, त्याची पत्रं मीच वाचून दाखवायचो. मला आवाजावरून ओळखलं. डोळे गेलेत.
"पोरगी कशी हाय रं तुजी? ल्हान असताना खांद्यावर बसवून आनायचास."
मी म्हटलं, "बरी हाय, काकू."
"आन् ह्ये कुनाचं कुत्रं?"
"तिचंच."
"मग ती कुठं हाय?"
पुण्याला, म्हटलं. काकूंनी खारीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "ल्योकीनं ठिवायला दिलंय व्हय. नीट संबाळ बाबा, ती इचारंल."
येताना नसरापूरच्या अलीकडं गाडी कडेला घेतली. बराच वेळ थांबलो. खारीला वाटलं उतरायचंय.

१५ डिसें.
काकूंना खोटं सांगितलं. का सांगितलं? त्यांना त्रास नको म्हणून. त्यांचं तोंड बघवलं नसतं म्हणून.
सौ.नं तरी दुसरं काय केलं.
पण बोलवत नाही अजून.

२२ डिसें.
परवापासून ताप. अंग मोडून आलंय. सकाळी खारी पट्टा तोंडात धरून खाटेपाशी. म्हटलं, आज न्हाई गं. जाऊन फाटकापाशी बसली. रडली नाही, नुसती बसली.
दहाच्या सुमारास फाटक वाजलं. बघतो तर सौ. नाही, खारी पण नाही.
साडेअकराला आल्या दोघी. सौ.च्या पदराला कुसळं. चूळ भरली, पाणी प्यायली, खाटेच्या कडेला बसली. पंधरा दिवसांनी.
"थांबती ती," म्हणाली.
व्हय म्हटलं.
"घडीघडीला थांबती. आन् बगती. अंजीवानी बगती."
मग म्हणाली, मोरीवर बसून रडले. घरात रडता येत नाही, तुमी असता. तिथं कुणी बघत नाही.
मी तिचा हात धरला. 
म्हणाली, "सांगायचं हुतं मला. रोज सांगायचं हुतं. तुमी जेवायला बसला का वाटायचं, आता सांगावं. तुमी दोन घास जास्त खायचा त्या दिवसात, भात चांगलं आलं हुतं म्हनून."

२९ डिसें.
ताप उतरला. आता दोघं जातो. सकाळी तिघं.
सौ.नं खारीसाठी जुन्या लुगड्याची गोधडी शिवली. गळ्याच्या पट्ट्याखाली केस निघून कातडं लाल झालं होतं ते तिलाच दिसलं, मला दिसलं नव्हतं. तिथं मऊ कापड लावलं.
वाटेत अंजूचं काहीतरी निघतंच. सौ. म्हणाली, शाळेतून येताना ही पोर ओढ्यात पाय सोडून बसायची, अंधार पडायचा. मला माहीत नव्हतं. मी लाईनवर असायचो.

६ जाने.
खारी ओढ्याच्या पाण्यात उतरली. आधी एक पाय, मग मागं. मग दुसरा. खेकड्यानं नाकाला धरलं असावं, एकदम उडी. सौ. मोठ्यानं हसली. किती महिन्यांनी ऐकलं. लगेच तोंडाला पदर लावला, जशी काही चूक झाली.

१३ जाने., मंगळ.
भोगी. यंदा आपल्याला सण नाही. शेजारणीनं भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणून दिली, उंबऱ्याच्या बाहेरूनच. वाण द्यायला बायका येणार नाहीत. मागच्या वर्षी अंजूनं फोनवर तिळाच्या वड्या कशा करायच्या विचारलं होतं. सौ. म्हणाली, "करायच्या नव्हत्या तिला. नुसतं बोलायचं हुतं." 
दुपारी कालव्यावर. 

१७ जाने.
आज खारी मोरीपर्यंत एकदाही थांबली नाही.
सौ. आणि मी मागं राहिलो. ती पुढं पळाली, वळली, भुंकली. चला म्हणून. हिराबाई रानातून ओरडली, "बगा, पाय फुटलं की!"
आपण यासाठीच तर दोन महिने खटपट केली. नव्या वाटा, पेंढा, ओढा. तिला चालताना बरं वाटावं म्हणून.
रात्री जेवताना सौ. म्हणाली, "इसरली का वो ती?"
 अंजूचं ते चालणं आम्ही दोघांनी बघितलंच नव्हतं, आम्हाला कळलं तेव्हा ती अंथरुणावरच होती. ते फक्त या कुत्र्याच्या पायात होतं. चाळीस पावलं आणि थांबणं. ते आम्हीच काढून टाकलं.

१८ जाने.
मुद्दाम चाळीस पावलांवर थांबून बघितलं. खारी पुढं गेली. परत आली, माझा पाय हुंगला, धोतर ओढलं. सौ. म्हणाली, "चला. नगा असं करू. तिला चालू द्या."

२७ जाने.
महेशरावांचा फोन. त्यांची ड्युटी बदलली, आता पाचला घरी असतात. शनिवारी येतो म्हणाले. मग म्हणाले, "नाना, घर खायला उठतं. संध्याकाळी दार उघडलं की... खारीला न्यावं म्हणतोय. तुमची हरकत नसेल तर."
या म्हटलं. 
सौ.ला सांगितलं. तिनं गोधडी उन्हात टाकली होती ती उचलली, झटकली, परत तिथंच टाकली.
कुत्रं त्यांचं आहे. त्यांच्या दोघांचं. आपण सांभाळायला घेतलं होतं.

३१ जाने., शनि.
दहाला आले. वाळलेत फार. दाढी वाढलेली. खारी गाडीच्या आवाजानंच फाटकाला. त्यांना बघून वेडी झाली, पायाभोवती, अंगावर, परत पायाभोवती. ते तिथंच धुळीत बसले.
चहा झाल्यावर म्हणाले, मी नेतो तिला, चक्कर मारून आणतो. मी सोबत गेलो. फाटकातून बाहेर पडलो. महेशराव चाळीसेक पावलं चालले आणि आपोआप थांबले. पट्टा सैल धरून. त्यांच्याही पायात ते बसलेलं.
खारी थांबली नाही. पट्टा ताणला गेला तशी वळून भुंकली.
"थांबत नाही आता?" त्यांनी विचारलं.
न्हाई, म्हटलं. दोन आठवडे झाले.
ते तसेच उभे. मग तोंड फिरवलं. मी रस्त्याकडं बघत राहिलो. बाप्याला बाप्यानं काय सांगायचं असतं ते मला कोणी शिकवलं नाही.
थोड्या वेळानं म्हणाले, "मला वाटलं होतं, संध्याकाळी तिला घेऊन खाली जाईन. ती तशीच थांबत थांबत चालेल. मी बाकावर बसेन."
मी म्हटलं, "आमचंच चुकलं."
"नाही नाना. चुकलं नाही." 
मी त्यांना कालव्याच्या कडेनं नेलं. कुठं हुंगू द्यायचं, कुठं भाकरी लपवतो, सगळं दाखवलं. त्यांनी ऐकलं. एका बाभळीपाशी खारी बराच वेळ हुंगत उभी राहिली तर ते म्हणाले, आमच्याकडं सगळीकडं फरशीच आहे, नाना.
संध्याकाळी जेवताना म्हणाले, उद्या जेवण करून निघेन. खारीचं तुम्ही सांगाल तसं. सौ. म्हणाली, "आदी भाजी घ्या."

१ फेब्रु., रवि.
सकाळी मी चपला घालत होतो. सौ. बाहेर आली. लुगडं बदललेलं, हातात पट्टा. म्हणाली, "तुमी ऱ्हावा आज. आमी जातो." महेशरावांना म्हणाली, "चला, तुमाला एक जागा दावते. अंजी साळंत असताना तिथं बसायची."
गेले तिघं. मी फाटकातून बघितलं. महेशराव मधे, सौ. त्यांच्या थोडी मागं, खारी दोघांच्याही पुढं. वळणावर सौ.नं काहीतरी सांगितलं, त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग आंब्याच्या आड गेले.
तिच्या मनात काय आहे मला सांगितलेलं नाही. न्या म्हणेल, नाहीतर इथंच ऱ्हाऊ द्या म्हणेल. की त्यांनाच म्हणेल दर शनिवारी येत जा. रात्री विचारलं तर म्हणाली, वाटेत सुचंल.
गोधडी धुऊन घडी करून ओसरीवर ठेवलीय. द्यायला की वापरायला, कळत नाही.
धुकं गेलं. चहा दोनदा गरम केला. पावणेदहा झालेत. अजून आलेले नाहीत.